सातासमुद्रांपलीकडचे धान्य

१९०० सालच्या मे महिन्यात न्यूयॉर्क बंदरातून 'क्विटो' नावाची एक आगबोट मुंबईकडे निघाली. तिच्यात सुमारे २ लाख बुशेल मका भरलेला होता. आजच्या मापाने हे धान्य ५ हजार टनांच्या आसपास भरते. न्यूयॉर्कहून निघणाऱ्या 'ख्रिश्चन हेरल्ड' या साप्ताहिकाने चालविलेल्या मोहिमेतून ते जमले होते, आणि जहाजाच्या भाड्याचा भार अमेरिकेच्या सरकारने उचलला होता. हिंदुस्थानात त्या वेळी जो दुष्काळ पडला होता, त्याला विक्रम संवत १९५६ वरून 'छप्पन्या' असे नाव पडले. माळव्यातील आणि राजस्थानातील जुन्या घरांत हे नाव पुढे कित्येक वर्षे भयाने उच्चारले जात असे.

आता एक साधा हिशेब करून पाहावा. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात सरकारी दुष्काळी मदतीवर जगणाऱ्यांची संख्या ६० लाखांच्या वर गेली होती. माणशी रोज अर्धा किलो धान्य धरले, तरी रोजची गरज ३ हजार टनांची होते. म्हणजे अर्ध्या जगाला वळसा घालून आलेले ते भरगच्च जहाज या लोकांना दोन दिवससुद्धा पुरले नसते.

मग ही मदत व्यर्थ गेली, असे म्हणावे काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु त्या मदतीने सारा देश तारला असे म्हणणेही खरे नाही. या दोन टोकांच्या मध्ये जे सत्य आहे, ते शोधण्यासाठी इंदूर आणि भोवतालचा माळवा यांचा त्या वर्षांतील इतिहास फार उपयोगी पडतो. परक्या देशातून आलेली मदत कोठे सफल होते, कोठे निष्फळ होते आणि कोठे मनाला बोचते, याचे धडे तेथे स्पष्टपणे वाचता येतात.

माळवा ही काळ्या मातीची आणि भरवशाच्या पावसाची भूमी. येथे पावलोपावली भाकर आणि पाणी मिळते, अशी तिची ख्याती लोकोक्तीतून सर्वतोमुखी झालेली आहे. मारवाडात पाऊस दगा देई, तेव्हा तेथील लोक गुरेढोरे हाकीत माळव्याकडे येत आणि पुढच्या पावसाळ्यात परत जात. ही पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट होती. १८९९ साली मारवाडात पाऊस पडला नाही तेव्हा लोक याच वाटेने निघाले. परंतु या खेपेस माळव्याचे आकाशही कोरडे राहिले होते. ज्याच्या दारी आसरा मागावयाचा, तोच उपाशी होता. मुंबई इलाखा, गुजरात, राजपुताना, मध्य हिंदुस्थान, मध्य प्रांत, वऱ्हाड, निजामाचे राज्य, एवढा सलग मुलूख एकाच वेळी होरपळला. सुमारे ६ कोटी लोकवस्तीच्या प्रदेशावर या दुष्काळाची छाया पडली.

पुढे १९०१ साली शिरगणती झाली, तेव्हा या आपत्तीचे खरे माप कळले. मध्य हिंदुस्थानातील संस्थानांची लोकसंख्या १८९१ साली १ कोटी ३ लाखांच्या आसपास होती. ती ८६ लाखांवर आली. एकट्या इंदूर संस्थानात दहा वर्षांत २३ टक्के घट झाली आणि वस्ती ८ लाख ५० हजारांवर उतरली. ही सर्व घट मृत्यूची नव्हे. पुष्कळ लोक गाव सोडूनही गेले होते. तरीसुद्धा चार माणसांमागे जवळजवळ एक माणूस गावच्या गणतीतून नाहीसे व्हावे, ही गोष्ट कोणत्याही युद्धाहून कमी भयंकर नव्हती.

येथे एक प्रश्न उभा राहतो. देशात धान्य मुळीच नव्हते काय? तसे नव्हते. बंगाल आणि ब्रह्मदेश येथे धान्य होते आणि ते आणण्यास रेल्वे होती. इंदूरच्या तुकोजीराव होळकर दुसरे यांनी १८७० साली १ कोटी रुपये कर्जाऊ देऊन खांडव्याहून इंदूरकडे लोहमार्ग आणविला होता. घाट चढून गाडी इंदुरास येत होती आणि पुढे रतलामकडे जात होती. दुष्काळाच्या वर्षी या मार्गाने धान्य आलेही. परंतु पीक बुडालेल्या शेतकऱ्याजवळ आणि काम गमावलेल्या मजुराजवळ ते विकत घेण्यास पैसा नव्हता. कोष्ट्याचे कापड कोणी घेत नव्हते, लोहाराकडे नांगराचा फाळ कोणी आणीत नव्हते. त्यात वैरणीचा दुष्काळ धान्याहून बिकट होता. दाणा पोत्यात घालून दूर नेता येतो. कडब्याचे तसे नाही. गुरे पटापट मेली, आणि गुरे मेली म्हणजे पुढच्या वर्षाची शेतीही मेली. सर्वांत कठोर आघात झाबुआ, अलीराजपूर या डोंगरी भागांतील भिल्लांवर झाला. ते रेल्वेपासून दूर राहत, सरकारी कामावर येण्यास कचरत आणि रान सोडण्यापेक्षा रानातच मरण पत्करीत.

ही वार्ता जगभर कशी पोचली, तेही लक्षात घेण्याजोगे आहे. तारायंत्राने बातमी एका दिवसात लंडन-न्यूयॉर्कला जात होती, आणि छायाचित्रकाराची पेटी आता मिशनऱ्यांच्या सामानातही आली होती. अस्थिपंजर झालेल्या माणसांची चित्रे वर्तमानपत्रांत झळकू लागली. 'ख्रिश्चन हेरल्ड'चे चालक लुई क्लॉप्श हे स्वतः हिंदुस्थानात येऊन दुष्काळी मुलूख पाहून गेले. इंग्लंड त्या वेळी दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात गुंतलेले होते, तरी लंडनच्या लॉर्ड मेयरने निधी उभारला. बर्लिन शहराने पाच लाख मार्कांहून अधिक रक्कम जमविली आणि ती कैसरच्या तारेने व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांना कळविण्यात आली. कॅनडातील प्रेस्बिटेरियन मंडळ्यांनी इंदूरकडे पैसा पाठविला. ज्यांनी इंदूरचे नावही पूर्वी ऐकले नसेल, अशा शेतकऱ्यांनी आणि शाळकरी मुलांनी आपल्या खिशातील नाणी दिली. या सद्भावनेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

परंतु सद्भावना बंदरावर उतरली म्हणजे तिचे काम संपत नाही, तेथे ते सुरू होते. मुंबईच्या धक्क्यापासून माळव्यातील एखाद्या पाड्यापर्यंतचे अंतर न्यूयॉर्क-मुंबई अंतराहून दुस्तर ठरले. ते अंतर ज्यांनी काटले, ती माणसे तेथे आधीपासून राहणारी होती. कॅनेडियन मिशनचे काम इंदुरात १८७७ पासून चालू होते. इंदूर, महू, धार, नीमच येथे त्यांच्या शाळा व दवाखाने होते. धारला डॉ. मार्गारेट ओहारा १८९५ पासून रोग्यांची सेवा करीत होत्या. झाबुआ भागात थांदला येथे फ्रेंच कपुचिन धर्मगुरूंनी १८९६ मध्ये ठाणे मांडले होते. दक्षिणेत अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचे रॉबर्ट ह्यूम हे तर मुंबईतच जन्मलेले आणि मराठी बोलणारे. अमेरिकेतून आलेल्या मदतीच्या वाटपात त्यांनी मोठा वाटा उचलला आणि त्याबद्दल त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक मिळाले. या लोकांना कोणत्या घरात विधवा एकटी आहे, कोणत्या आळीत कर्ता पुरुष गेला आहे, हे ठाऊक होते. पाण्याची वाट, बाजाराचा दिवस आणि सावकाराचा भाव त्यांना माहीत होता. परदेशच्या मदतीला त्यांनी हातपाय दिले. आपत्ती आल्यावर धावून येणाऱ्यापेक्षा आपत्तीपूर्वी दहा वर्षे शेजारी म्हणून राहिलेल्याच्या हातून मदत नीट पोचते, हा या इतिहासाचा पहिला धडा होय.

दुसरा धडा पैशाच्या विनियोगाचा आहे. १९०० साली जो धर्मादाय दुष्काळ निधी उभारला गेला, त्याच्या खर्चासाठी चार उद्दिष्टे ठरलेली होती. वृद्ध, आजारी व मुले यांना सरकारी अन्नाखेरीज थोडे दूध, वस्त्र वा औषध देणे हे पहिले. अनाथांचे पालन हे दुसरे. सरकारी कामावर जाण्यास ज्यांची अब्रू आड येते अशा गरीब परंतु प्रतिष्ठित कुटुंबांना गुप्तपणे साह्य करणे हे तिसरे. आणि सर्वस्व गमावलेल्या शेतकऱ्यास बैल व बियाणे देऊन पुन्हा उभे करणे हे चौथे. जीव जगविण्याचे मूळ कर्तव्य सरकारचे. ते निधीने आपल्या शिरावर घ्यावयाचे नाही, असा यामागचा विचार होता. निधीचा मोठा भाग चौथ्या उद्दिष्टावर खर्च झाला, आणि ते योग्यच झाले. दिलेला मका चार दिवसांत संपतो. पाऊस पडल्यावर हाती आलेली बैलजोडी घराला वर्षानुवर्षे पोसते. ज्या गावात पेरणीच्या आठवड्यात बियाणे पोचले, ते गाव सावरले. तेच बियाणे पंधरा दिवस उशिरा पोचले असते, तर लोकांनी ते दळून खाल्ले असते, आणि त्यांना दोषही देता आला नसता.

सरकारचे कर्तव्य सरकारने कसे बजावले, याविषयी मात्र त्या काळीही वाद होता. फुकटच्या मदतीने लोक आळशी व परावलंबी होतील, या भीतीने अधिकाऱ्यांचा हात पुनःपुन्हा आखडत असे. मुंबई इलाख्यात ठरलेले काम पुरे न झाल्यास मजुरी कापण्याची पद्धत होती. इंग्लंडच्या 'मँचेस्टर गार्डियन'चे बातमीदार व्हॉन नॅश यांनी दुष्काळी मुलूख हिंडून तिच्यावर सडकून टीका केली. खडी फोडण्याचे त्राण ज्याच्या अंगी उरलेले नाही, त्याची मजुरी कापली म्हणजे तो अधिक खडी फोडील, ही समजूत क्रूर तर होतीच, पण मूर्खपणाचीही होती. संस्थानी मुलखात तर मदत ज्या त्या दरबाराच्या कुवतीवर आणि इच्छेवर अवलंबून असे. म्हणून एका गावाला आधार मिळाला आणि ओढ्यापलीकडचे गाव उघडे पडले, असे घडू शकत होते.

आता या इतिहासातील सर्वांत अवघड प्रकरणाकडे वळले पाहिजे. ते अनाथ मुलांचे. आईबाप गेलेली मुले रेल्वे-स्थानकांवर, बाजारांत, रस्त्यांच्या कडेला सापडत होती. इंदूर, महू, धार येथील मिशनांनी त्यांना जवळ केले. महूजवळ रसलपुरा येथे मुलांना सुतारकाम, विणकाम असे हस्तव्यवसाय शिकविण्याची सोय झाली. ही मुले जगली आणि पुढे स्वतःच्या पायांवर उभी राहिली, हे निर्विवाद आहे. परंतु ती ख्रिस्ती म्हणून वाढली, हेही तितकेच खरे. मूल वाचविणे आणि मूल आपल्या धर्मात घेणे या दोन गोष्टी त्या काळच्या मिशनऱ्यांच्या मनात वेगळ्या नव्हत्या. भोवतालच्या समाजाच्या मनात मात्र त्या पूर्णतः वेगळ्या होत्या. पंजाबात लाला लजपतराय यांनी आर्य समाजाच्या द्वारे हिंदू अनाथांसाठी आश्रम काढण्याची चळवळ केली आणि दुष्काळ आयोगापुढे या प्रश्नावर साक्ष दिली. अनाथ मूल प्रथम नातलगांकडे आणि मग त्याच्याच समाजाच्या संस्थेकडे जावे, हा त्यांचा आग्रह न्याय्य होता.

हा आरोप ऐकून रागावण्यापेक्षा तो नीट समजून घेणे हेच ख्रिस्ती माणसाला शोभणारे आहे. भुकेलेल्याला अन्न देणे ही ख्रिस्ताची आज्ञा आहे. अन्नाच्या बदल्यात काही मागणे ही त्याची आज्ञा नाही. ज्याच्यापुढे भूक आणि भाकर एवढ्या दोनच गोष्टी आहेत, त्याची निवड स्वतंत्र म्हणता येत नाही. आणि मुलाला तर निवड नसतेच. त्याच वेळी दुसऱ्या बाजूनेही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ज्या मुलांसाठी वाद पेटला, त्यांतील पुष्कळ मुले रस्त्यावर पडली होती तेव्हा त्यांना उचलणारे फार थोडे होते. वाद नंतर आला. मृत्यू आधी आला होता. पंडिता रमाबाईंनी हे दोन्ही अनुभव घेतले. त्यांचे आईबाप १८७४ च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळात अन्नाविना गेले होते. १८९७ मध्ये त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली व स्त्रिया आणल्या, आणि १९०० मध्ये गुजरातेतून आणखी कितीतरी मुली केडगावला आणल्या. त्यांच्या कार्याला पैसा अमेरिकेतून येई, पण मुलींशी बोलणारी भाषा आणि त्यांना शिकवणारे हात येथलेच होते. रमाबाईंच्या संस्थेवरही धर्मांतराचा ठपका आलाच. तरी परदेशी पैशावर देशी माणसाची नजर आणि जबाबदारी असली म्हणजे काय साधते, याचे ते मोठे उदाहरण राहिले.

छायाचित्रांविषयीही हेच म्हणावे लागेल. त्या चित्रांनी जगाचे हृदय हलविले आणि पैसा आला. परंतु चित्रातील माणसाला नाव नव्हते, गाव नव्हते. होती ती केवळ हाडे. दात्याच्या मनात दया जागी झाली, पण आपण एका शेतकऱ्याला, एका कोष्ट्याला, एका गृहिणीला मदत करतो आहोत, ही समज जागी झाली नाही. मदतीचा हात पुढे करताना घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही, याची काळजी घेणे हा तिसरा धडा होय.

चौथा धडा मदत थांबविण्याच्या वेळेचा आहे. १९०० च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांच्या छावण्यांत पटकी शिरली आणि हजारो लोक घेऊन गेली. गर्दी एका जागी, पाणी थोडे आणि तेही दूषित. दुसरे काय व्हावयाचे? नंतर पाऊस आला. पाऊस आला म्हणजे संकट टळले, असे दूरच्या दात्यांना वाटणे स्वाभाविक होते. परंतु अशक्त झालेल्या शरीरांवर हिवतापाने घाला घातला आणि मध्य हिंदुस्थानात पुष्कळ मृत्यू रान हिरवे झाल्यानंतरचे आहेत. आपत्तीची बातमी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरून गेली, तरी आपत्ती घरातून गेलेली नसते. मक्याबरोबर कोयनेल आणि शुद्ध पाणीही हवे होते, आणि तेही पाऊस पडल्यावर कित्येक महिने हवे होते.

या दुष्काळानंतर १९०१ साली सर अँटनी मॅक्डॉनेल यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. शेतकऱ्यास वेळेवर तगाई मिळावी आणि त्याची सावकारापासून सुटका व्हावी म्हणून परस्पर पतपेढ्या काढाव्यात, या दिशेने त्याने शिफारशी केल्या. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याची मुळे येथे आहेत. महाराष्ट्रातील सहकाराचा वृक्ष ज्या बियांतून वाढला, त्यांतील एक बी छप्पन्याच्या दुष्काळात पेरले गेले, असे म्हणण्यास हरकत नाही.

हे धडे पुढच्या पिढ्यांनी किती घेतले, याची परीक्षा महाराष्ट्रातच दोनदा झाली. पहिली परीक्षा १९७२ च्या दुष्काळाची. त्या वेळीही अमेरिकेतून धान्य आले. 'मिलो' या नावाची ती लाल ज्वारी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी त्या पिढीच्या आठवणीत अजून आहे. पांढऱ्याशुभ्र ज्वारीची भाकर खाणाऱ्या घरांना मिलोची चव कधी रुचली नाही. खाल्ली ती निरुपायाने. छप्पन्याच्या वेळी आलेला मका माळव्याला आणि गुजरातेला निदान ओळखीचा तरी होता. दुसऱ्याच्या चुलीवर काय शिजते, हे विचारून मदत पाठवावी, एवढे साधे शहाणपण सत्तर वर्षांनंतरही पुरते आलेले नव्हते. परंतु १९७२ मध्ये महाराष्ट्र तरला तो मिलोवर नव्हे. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. लोकांच्या हाती मजुरी पडली आणि मजुरीने धान्य विकत घेता आले. १९०० साली जे उणे होते, नेमके तेच या वेळी भरून काढण्यात आले. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून आलेली रोजगार हमी योजना पुढे कायद्यात उतरली आणि भुकेलेल्या माणसाचा कामावरचा हक्क मान्य झाला. दया मागावी लागते, हक्क मागावा लागत नाही. हा फरक फार मोठा आहे.

दुसरी परीक्षा ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने घेतली. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे ८ हजार माणसे घरांच्या दगडमातीखाली गेली. जगभरातून मदत आली, जागतिक बँकेने कर्ज दिले, ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. परंतु पुष्कळ नव्या घरांत बैल बांधायला गोठा नव्हता, कडबा रचायला जागा नव्हती, आणि शेजार तुटला होता. घरे मजबूत होती, पण शहरी मनाने आखलेली होती. याउलट जेथे घरमालकाच्या हाती पैसा व सामान देऊन त्यालाच स्वतःच्या घराची डागडुजी करू दिली, तेथे त्याने आपल्या गरजेप्रमाणे घर सावरले आणि भूकंपाला टिकणारी बांधणीही शिकून घेतली. धारच्या वा महूच्या मुलखातील शेतकऱ्याला १९०० साली बैलजोडी देताना जे तत्त्व कामी आले, तेच किल्लारीतही कामी आले.

तात्पर्य, 'क्विटो' जहाजातील मका दोन दिवसांचा होता हे खरे. तरी ज्या मुलाला त्यातील ओंजळभर मका त्या दोन दिवसांत मिळाला आणि तेवढ्यावर जे तिसऱ्या दिवशी उठून बसले, त्या मुलाच्या दृष्टीने ते जहाज अपुरे नव्हते. दूरच्या माणसाने जरूर द्यावे. देण्याची इच्छा ही मानवजातीची मोठी ठेव आहे. मात्र ते देताना त्याने जवळच्या माणसाला विचारावे, घेणाऱ्याच्या चुलीची, देवाची आणि अब्रूची बूज राखावी, आणि पाऊस पडला म्हणून पाठ फिरवू नये. उरलेले काम, म्हणजे कोणीही उपाशी राहणार नाही अशी व्यवस्था लावण्याचे, ते कोणतेही जहाज करू शकत नाही. ते ज्याचे त्या देशाने, ज्याचे त्या गावानेच करावयाचे असते.